चौथा झिरा

लातूर जिल्हा कोणी आणला याबद्दल आमच्याकडे भाषणांतून बरीच नावं ऐकू येतात. किसनमामा सोनकांबळे यांचं म्हणणं सरळ होतं. "जिल्हा म्या आणला," ते सांगायचे. "उस्मानाबादेहून. जीपीत घालून. तीन खेपा लागल्या."

यात थाप नव्हती. जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या वाट्याचं दप्तर उस्मानाबादहून हलवायचं होतं, आणि ते ज्या सरकारी जीपमधून आलं तिचे चालक मामा होते. मागच्या बाकावर नकाशे, पायांशी बस्ते, आणि सगळे शिक्के एका बिस्किटाच्या डब्यात घालून शेजारच्या सीटवर. खड्डा आला की डबा वाजायचा. "निम्मं सरकार माझ्या डाव्या अंगाला खुळखुळत हुतं," असं ते म्हणत.

मी त्या नव्या कचेरीत टंचाई शाखेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. नव्या जिल्ह्यात टेबलं कमी होती, खुर्च्या त्याहून कमी. दुष्काळ तेवढा पहिल्या दिवसापासून भरपूर होता. साहेब गावोगाव पाहणीला निघत आणि मागच्या बाकावर मी रजिस्टर मांडीवर घेऊन. विहिरी किती आटल्या, जनावरं किती, टँकर किती लागतील, हे लिहायचं. त्यामुळे मामांची माझी ओळख पहिली दोन-तीन वर्षं पाठीमागूनच होती. खाकी सदऱ्याची कॉलर, तिच्याखाली घडी घातलेला रुमाल, आणि आरशात दिसणारे दोन डोळे, जे कधी आमच्याकडे पाहत नसत. मागे बसलेल्यांचं बोलणं ऐकायचं नाही आणि ऐकलंच तर चेहऱ्यावर आणायचं नाही, ही त्यांची शिस्त होती.

साहेबांची पारख ते दारावरून करत. दार आपटणारा, दार ओढून घेणारा, आणि दार उघडंच टाकून जाणारा, असे तीन प्रकार. "आपटणारा बरा," असं त्यांचं मत. "राग दारावर निघून जातोय. उघडं टाकणाऱ्यापासून जपून राहावं लागतंय." मी पुढे नायब तहसीलदार झाले, तेव्हा पहिल्या दिवशी गाडीतून उतरताना माझा हात दारावर थबकला. मामा समोर बघत बसले होते, पण गालात हसत होते हे मागूनही कळलं.

साहेबांशी बोलायचं नाही म्हणजे मामा गप्प होते असं नाही. त्यांना जे म्हणायचं ते ते गाडीकडून म्हणवून घेत. त्यांची जीप फार सोयीनं आजारी पडायची. एकदा अहमदपूरच्या अंगाला एका गावात सरपंचानं चहा ठेवला. टँकर तिसऱ्या दिवशी येणारं गाव. आम्ही नऊ माणसं. साहेब बाजेवर ऐसपैस बसले, तेवढ्यात मामांनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि लगबगीनं आले. "साहेब, गाडी गरम झाली. आत्ता निघालो तर उदगीर गाठंल." साहेब चहा न घेता उठले. गरम झालेली गाडी थांबवतात, पळवत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. पुढे कुणाच्याच आलं नाही. टँकरच्या गावात आम्ही कधी चहा प्यायलो नाही, याचं श्रेय अहवालात आमच्या साध्या राहणीला मिळालं.

पुढे पाण्याची कापडी छागल टांगलेली असायची. तेच पाणी ते प्यायचे, आम्हालाही तेच. पाणवठ्यावर हॉर्न वाजवायचा नाही. कुठंही गेलं तरी गाडी आधी वळवून, तोंड घराकडं करून उभी करायची. "परत जायचं हाय हे गाडीला म्हाईत पायजे," म्हणत. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. सांगितल्याशिवाय तर नाहीच, सांगितलं तरी जमेल तितकं टाळायचं. "परक्या बाईच्या चुलीत लाकूड सारल्यावानी व्हतंय ते, म्याडम."

या नियमाचा फटका मला बसलेला आहे. मला गाडी चालवायला मामांनी शिकवलं. आमची जुनी गाडी होती, रविवारी सकाळी ते यायचे आणि डाव्या सीटवर गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. तिसऱ्या रविवारी मी क्रीडासंकुलामागच्या चिंचेच्या दिशेनं निघाले आणि पायाला ब्रेक सापडेना. मामा म्हणाले, "ब्रेक." मग म्हणाले, "ब्रेक, म्याडम." हातानं त्यांनी ना चाक धरलं ना काही. गाडी चिंचेवर गेली. दिवा फुटला. मी चिडून म्हटलं, "मामा, जरा चाक तरी वळवायचं!" तर म्हणाले, "तुमच्या हातात गाडी हाय तवर ती तुमची हाय. म्या कसा हात लावू?"

आता ती तिरू नदीची गोष्ट. जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा गेला होता. वरून मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्याच आठवड्यात कचेरीला नवी कोरी जीप मिळाली होती, चारही चाकांना जोर असलेली, आणि ती अर्थातच मामांच्या हाती दिलेली. आम्ही पाच गाड्या घेऊन उदगीर सोडलं आणि तिरूकाठच्या एका गावापाशी आलो. नदी कोरडी. वाळूत चार झिरे होते. झिरा म्हणजे आटलेल्या नदीच्या वाळूत हातानं उकरलेला खड्डा. त्यात पाणी पाझरायची वाट बघायची, पहिलं गढूळ पाणी उपसून फेकायचं, दुसरं निवळू द्यायचं आणि मग वाटीनं घागर भरायची. एका घागरीला तास जातो. झिरे चार होते, कारण गावाच्या वस्त्या चार होत्या. सगळ्यांत खालच्या अंगाचा झिरा कोणत्या वस्तीचा, हे मामांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा जन्म कंधार तालुक्यातला, आणि त्यांच्या आईनं अशाच खालच्या झिऱ्यावर पाणी भरलं होतं.

बाकीच्या चार गाड्या काठावर थांबल्या. आमची खाली वाळूत उतरली. मोठे साहेब पुढे बसले होते, मी मागे. इंजिनाच्या आवाजात पुढचं बोलणं काही ऐकू येत नव्हतं. गाडी झोकात वाळू कापत गेली आणि वळताना उजवं पुढचं चाक चौथ्या झिऱ्याच्या काठावर गेलं. काठ ढासळला. झिऱ्यात जमलेलं पाणी वाळूनं पिऊन टाकलं. भोवती सात-आठ बाया उभ्या होत्या. वरच्या तीन झिऱ्यांवर त्यांना पाणी भरता येणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. कुणी ओरडलं नाही. एक म्हातारी होती, तिला त्या सगळ्या अव्वा म्हणत होत्या. ती आमच्याकडे बघतही नव्हती, चाकाकडे बघत होती. मग म्हणाली, "असू द्या. दुसरा खांदू." आणि गुडघे टेकून वाळू उकरायला लागली.

साहेबांनी दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं लिहिली. मामांनी गाडी मागे घेतली. अहवालात मी चार झिरे लिहिले. आम्ही गेलो तेव्हा चार होते, निघालो तेव्हा तीन.

ही गोष्ट मी पुढे तीसेक वर्षं सांगत आले. नव्या पोरांना प्रशिक्षणात सांगायची, की वरच्या साहेबाला जवळून बघायची हौस असते, त्यापायी काय होतं बघा. त्यानंतर मामांनी कधी कोणाची गाडी नदीच्या पात्रात नेली नाही. काठावर थांबवायचे आणि "म्होरं गाडी जात न्हाई" म्हणून साहेबांना चालायला लावायचे. मला त्यांचं कौतुक वाटे. साहेबानं केलेल्या चुकीचा धडा ड्रायव्हरनं घेतला, असं मी म्हणत असे.

मामा निवृत्त झाले, बायको गेली, आणि ते नांदेडला मुलीकडे राहायला गेले. मुलगी प्रज्ञा कॉलेजात प्राध्यापक आहे. रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही काही निवृत्त मंडळी आफ्रिकेत जंगल बघायला जाणार होतो. कुणाकडून तरी प्रज्ञाला कळलं आणि तिचा फोन आला. "मॅडम, बाबांना घेऊन जा. जन्मभर लोकांना फिरवलं त्यांनी. एकदा कुणीतरी त्यांना फिरवू दे."

मामा आले ते नवा शर्ट, जुना रुमाल आणि छागल घेऊन. छागल विमानतळावर रिकामी करायला लावली, तेव्हा ते शेजारच्या कुंडीपाशी गेले आणि पाणी झाडाला घातलं. विमानाबद्दल त्यांनी एवढंच विचारलं, की याला मागं घेता येतं का. आमच्या ह्यांनी सांगितलं की नाही, दुसरी गाडी लावून ढकलतात. मामांना ते पसंत पडलं नाही.

केनियातलं ते राखीव जंगल मोठं होतं आणि नाव त्याहून अवघड. मामांनी शेवटपर्यंत त्याला, आपल्या नांदेडकडच्या जंगलावरून, "आफ्रिकेतलं किनवट" म्हटलं. आमच्या गाडीत पाच जण होतो: आम्ही दोघं, लातूरचे डोळ्यांचे डॉक्टर बिडवे आणि त्यांच्या मिसेस, आणि मामा. डॉक्टरांकडे हातभर लांब भिंग असलेला कॅमेरा होता. गाडीचा चालक तोच वाटाड्या. त्याचं नाव जोसेफ. चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. त्यानं पहिल्याच दिवशी नियम सांगितले: गाडीतून खाली उतरायचं नाही, ओरडायचं नाही, खायला टाकायचं नाही. मी मामांना मराठीत सांगितलं. "शाना माणूस हाय," मामा म्हणाले.

मामांची पंचाईत वेगळीच होती. त्यांना मागे बसता येईना. पंचाहत्तरीचा माणूस, पण उतारावर त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा आणि वळणावर दोन्ही हात हलायचे. ते मुद्दाम जोसेफच्या बरोबर मागे बसले आणि सिंहापेक्षा त्याच्याकडे जास्त बघत राहिले. स्टेरिंग आपल्यासारखंच उजवीकडे आहे, याचं त्यांना समाधान वाटलं. जोसेफ गाडी थांबवायचा ती तोंड परतीच्या वाटेकडे करून. काच पुसायचा ती खिशातल्या पिवळ्या फडक्यानं. "म्याडम, हे बगा, फडकं बी माझ्या फडक्यावानी पिवळं," मामा माझ्या कानात म्हणाले. दुसऱ्या दिवशी थांब्यावर दोघं बॉनेट उघडून अर्धा तास उभे होते. एकाला मराठी येत होतं, दुसऱ्याला स्वाहिली आणि इंग्रजी. काय बोलले विचारलं तर म्हणाले, "बेल्ट सैल हाय. त्याला म्हाईत हाय, पर मालक बदलून दिऊन न्हाई राहिला."

दुसऱ्या दिवशीच एक सिंहीण दिसली. झुडपाखाली पडली होती आणि भोवती बारा गाड्या. ती उठून चार पावलं गेली की बारा गाड्या चार पावलं पुढे. पलीकडे गवतात हरणं होती, तिला तिकडे जायचं होतं. लांबून तिचं पोट खपाटीला गेलेलं दिसत होतं. डॉक्टर भिंग लावून उभे, आम्ही सगळे उभे. मामा तेवढे बसून होते. "म्याडम," ते हळूच म्हणाले, "हे तर आपलंच हाय की. पाहणी दौरा." मी हसले. त्यांनी हसण्यासाठी म्हटलं नव्हतं, हे मला जरा उशिरा कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका कोरड्या नदीवर आलो. पात्र चांगलं रुंद, वाळू पांढरी. जोसेफनं गाडी काठावर थांबवून इंजिन बंद केलं. खाली सहा-सात हत्ती होते. पुढची मोठी हत्तीण पायानं वाळू सारत होती, सोंडेनं उकरत होती. खड्डा कमरेइतका झाला तेव्हा तिनं सोंडेत काहीतरी ओढलं आणि बाजूला फवारून दिलं. मग नुसती उभी राहिली.

मामा उठून उभे राहिले होते. एवढ्या प्रवासात पहिल्यांदाच.

"पयलं पाणी टाकून दिलं," ते म्हणाले. "आता निवळू दिऊन राहिली. बगा म्याडम, झिरा. झिरा हाय तो."

खरंच झिरा होता. अलीकडे झेब्रे ओळीनं उभे होते, त्यांच्यामागे माकडं, तितरासारखे काही पक्षी. कुणी पुढे घुसत नव्हतं. हत्तिणीच्या पायांत एक पिल्लू होतं, ते मात्र सारखं सोंड घालू बघत होतं आणि आई त्याला गुडघ्यानं मागे सारत होती. आमच्याकडच्या कोणत्याही आईनं पोराला असंच मागे सारलं असतं.

डॉक्टरांना पिल्लाचा फोटो हवा होता आणि मध्ये आईचा पाय येत होता. ते जोसेफला म्हणाले, खाली चला, जवळ. जोसेफनं मान हलवली. डॉक्टर पुन्हा म्हणाले. आम्ही एवढ्या लांबून आलोय, रस्ता तर खाली जातोच आहे, काल दुसरी गाडी गेली होती म्हणे. ते खरं होतं, चाकोरी नदीतून पलीकडे जात होती आणि झिऱ्याच्या अगदी अंगावरून जात होती. मिसेस बिडव्यांनीही री ओढली. मग त्यानं इंजिन चालू केलं आणि हात गिअरवर ठेवला.

मामा वाकले. जोसेफच्या खांद्यावरून हात लांब केला, किल्ली फिरवली आणि काढून मुठीत घेतली.

मला आधी वाटलं की मामांना चक्कर आली. चिंचेवर गाडी गेली तरी ज्यानं माझ्या चाकाला हात लावला नाही, त्या माणसानं परक्या देशात परक्या माणसाच्या गाडीची किल्ली काढली होती.

"हा काय प्रकार आहे?" डॉक्टर म्हणाले. "मामा, किल्ली द्या त्याला."

"न्हाई साहेब," मामा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला साहेब म्हणून त्यापुढं न्हाई म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "गाडी खाली जाणार न्हाई. काठ ढासळंल."

जोसेफ वळून मामांकडे बघत होता. मराठी त्याला कळणं शक्य नव्हतं. त्यानं मामांची मूठ बघितली, खाली झिरा बघितला. मग डॉक्टरांकडे तोंड करून अगदी गंभीरपणे म्हणाला, "इंजिन व्हेरी हॉट, सर. वी वेट."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण हे वाक्य त्यांना पुरतं कळलं. त्यांनी किल्ली जोसेफच्या हातात दिली, त्यानं ती खिशात घातली. आम्ही तिथेच काठावर तासभर थांबलो. हत्तीण प्यायली, मग पिल्लाला वाट दिली, मग बाकीच्यांना. हत्ती गेल्यावर झेब्रे आले.

डॉक्टरांनी दुपारी टूर मॅनेजरकडे तक्रार केली, आणि नियमाप्रमाणे ती बरोबरच होती. तो पुण्याचा तरुण मुलगा मामांकडे आला. "काका, असं नाही करायचं. तुम्ही सॉरी म्हणून टाका, विषय संपेल."

"बरोबर हाय तुमचं," मामा म्हणाले, उठले, आणि डॉक्टरांच्या तंबूवरून सरळ पुढे गाड्या उभ्या होत्या तिकडे गेले. जोसेफ टायर बघत होता. मामांनी दोन्ही हात जोडून त्याची माफी मागितली. दुसऱ्याच्या गाडीला हात लावला होता ना.

परत येऊन ते माझ्याजवळ खुर्चीवर बसले. उन्हं अजून होती, चहा आला होता. मी त्यांची समजूत काढायला म्हणून तिरूची आठवण काढली. म्हटलं, "त्या वेळी तुमचा नाइलाज होता मामा. मोठे साहेब म्हणाले जवळ घ्या, तर तुम्ही काय करणार."

मामांनी कप खाली ठेवला.

"साहेब तसं म्हनले न्हवते," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"साहेब म्हनले, सोनकांबळे, थांबा हितंच. चालत जाऊ. म्याच म्हनलं, जाती साहेब, चारी चाकाला जोर हाय. नवी जीप हुती, म्याडम. वाळूत कशी चालती ते दाखवायचं हुतं मला. काठावर चार डायव्हर बगून राहिले हुते."

तीस वर्षं मी एका माणसाला नावं ठेवत आले होते आणि तो 'थांबा' म्हणाला होता. क्षणभर मला मामांचा रागच आला.

"गाडी गरम झाली, एवढं म्हनलो असतो तरी भागलं असतं," मामा सांगत होते. "आक्ख्या जिल्ह्यात म्या तेच म्हनत फिरलो. त्याच दिशी न्हाई म्हनलो. आन् वरून उतरलो बी न्हाई. ती म्हातारी माझ्या चाकाम्होरं वाळू उकरून राहिली हुती, माझ्या मायच्या वयाची, आन् म्या सीटवर बसून हुतो. डायव्हरनं गाडी सोडायची नसते म्हनून." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "हितं उतरायला बंदी हाय, म्याडम. तिथं न्हवती."

माझा राग राहिला नाही. मीही उतरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोसेफनं पुढच्या डाव्या सीटवरचा पाण्याच्या बाटल्यांचा खोका मागे टाकला आणि दार उघडून मामांना बोलावलं. उरलेले तीन दिवस मामा पुढे बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. डॉक्टर त्यांच्याशी परत येईपर्यंत बोलले नाहीत. त्यांनी काठावरून त्या लांब भिंगानं काढलेला फोटो मात्र सहलीतला सगळ्यांत चांगला निघाला, पिल्लाची सोंड झिऱ्यात आणि आईचा गुडघा बाजूला. तो त्यांच्या दवाखान्यात लावलेला आहे. कोणी विचारलं की डॉक्टर सांगतात, "इंजिन तापलं म्हणून थांबलो, नाहीतर चुकलाच असता."

पुढच्या मे महिन्यात मामांचा फोन आला. मला एका गावाला नेता का, म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. ते नांदेडहून सकाळच्या बसनं उदगीरला आले, मी लातूरहून गाडी घेऊन गेले. तिथून तिरूकाठचं ते गाव.

नदीवर आता पूल आहे. वाळू बरीचशी ट्रॅक्टरांनी नेलेली, मधून मधून खडक उघडा पडलेला. मी काठावर गाडी थांबवली. मामा म्हणाले, "वळवून लावा," आणि उतरले. दार हळूच लावलं. पिशवीतून एक पितळी वाटी काढली, चप्पल काठावर ठेवली आणि पुलाच्या खाली, जिथे थोडी वाळू राहिली होती, तिथे गुडघे टेकून बसले.

मी जवळ जाऊन म्हटलं, "मी हात लावू का?" त्यांनी नुसतं बघितलं. मी पुलाच्या सावलीला उभी राहिले.

त्या साली पाऊस बरा झाला होता, तरी पाणी लागायला तास लागला. शेरडं घेऊन एक बाई तिथं आली आणि बघत राहिली. "काय हारवलं व्हय, आजोबा?"

"न्हाई माय. एक झिरा मोडला हुता माझ्या हातानं. दुसरा खांदून राहिलो."

"आता नळ हाय की गावात."

"हाव. दिसला मला."

"कवा मोडला?"

मामांनी साल सांगितलं. बाई हसली. "मी जन्मले न्हवते."

"हितं एक अव्वा हुती."

"हितं समद्याच म्हाताऱ्यांना अव्वा म्हणतेत, आजोबा. कोणती?"

मामांना नाव माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि पहिलं पाणी वाटीनं उपसून बाजूला टाकलं. मग हात मांडीवर ठेवून, पाणी निवळायची वाट बघत बसले. बाईही तिथेच टेकली.

थंडीत प्रज्ञाचा फोन आला की बाबा गेले. उदगीरच्या स्टँडवर त्यांना बसमध्ये बसवलं तोच निरोप ठरला, पण मला ते बसच्या खिडकीत आठवत नाहीत. मला ते नदीतच दिसतात. त्या दिवशी ऊन वाढायला लागलं तेव्हा मी गाडीत जाऊन बसले. गाडीचं तोंड घराकडं होतं, म्हणून नदी मला आरशातच दिसत होती. शेरडांना पाण्याचा वास लागला होता आणि ती एकदम झिऱ्यावर येत होती. मामा उकिडवे बसून त्यांना हातानं मागे सारत होते. "एकेकीनं," ते म्हणत होते, "एकेकीनं. काठ ढासळंल." उशीर झाला होता, त्यांची परतीची बस चुकणार होती. मी हॉर्न वाजवला नाही.